एक चमचा तेल, अर्धा एकर पाणी : बोटीच्या ऑइल फिल्टरचा इतिहास

१/
साल १७५७. बेंजामिन फ्रँकलिन ९६ जहाजांच्या ताफ्याबरोबर समुद्रप्रवास करीत होता. वारा वाहत होता, लाटा उसळत होत्या. पण दोन जहाजांच्या मागे मात्र पाण्याचा पट्टा गुळगुळीत दिसत होता. त्याने कप्तानाला कारण विचारले. एवढेही ठाऊक नाही का, अशा सुरात कप्तानाने सांगितले, की स्वयंपाक्यांनी नुकतेच तुपकट पाणी बाहेर ओतले असेल, त्याने जहाजांच्या कडा माखल्या असतील. खलाशांना रोज दिसणारी ही गोष्ट त्या विद्वानाच्या मनात पुढे अनेक वर्षे घर करून राहिली.

२/
कालांतराने लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर त्याने प्रयोग केला. प्रथम वाऱ्याच्या खालच्या बाजूने तेल ओतले; वाऱ्याने ते परत काठाकडे लोटले. मग वारा जिकडून येत होता त्या काठावरून जेमतेम एक चमचा तेल सोडले. बघता बघता ते पसरत गेले आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले. हा वृत्तान्त १७७४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

३/
आता थोडे गणित. अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. चमच्यातले ५ मिलिलिटर तेल तेवढ्या पाण्यावर सारखे पसरले तर थराची जाडी किती? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करावेत आणि त्यांतले दोन-तीन उचलावेत, इतकी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड रेली आणि घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग करणारी जर्मन संशोधिका आग्नेस पोकेल्स यांनी याच पातळ थरांचा शास्त्रीय अभ्यास केला.

४/
आजचा धागा तेलाच्या या पसरण्याच्या स्वभावाविषयी आणि एका अगदी साध्या कामाविषयी आहे : बोटीच्या इंजिनाचा ऑइल फिल्टर बदलणे, तोही एक थेंब न सांडता. इतिहासाच्या धाग्यात हे मेकॅनिकचे काम कशाला, असे वाटेल. परंतु तेल न सांडण्याच्या या खटाटोपामागे अडीचशे वर्षांचे विज्ञान, कारखानदारी, कायदे आणि काही लाजिरवाण्या लबाड्या दडलेल्या आहेत. त्या कळल्या, की हातातले फडके वेगळे वाटू लागते.

५/
आधी अडचण समजून घेऊ. मोटारीचा फिल्टर काढताना तेल सांडले तर ते गॅरेजच्या फरशीवर पडते; भुसा टाकून पुसता येते. बोटीत इंजिनाखाली फरशी नसते. तिथे बोटीचा सर्वांत खोल भाग असतो, त्याला बिल्ज म्हणतात. गळतीचे, पावसाचे, लाटेचे पाणी तिथेच साचते आणि पाणी वाढले की पंप ते आपोआप बाहेर फेकतो. म्हणजे इंजिनाखाली पडलेला थेंब आज ना उद्या समुद्रात जाणारच. मधे कोणी उभे नाही.

६/
आता मागे जाऊ. वंगण ही गोष्ट चाकाइतकीच जुनी. आपल्या बैलगाडीच्या आसालाही वंगण लागेच. मात्र यंत्रयुगाच्या आरंभापर्यंत वंगणाची रीत एकच होती : लावायचे, झिजू द्यायचे, गळू द्यायचे, पुन्हा लावायचे. तेल परत मिळवण्याचा विचारच नव्हता. हिंदुस्थानातल्या रेल्वेने एरंडेलही वंगण म्हणून वापरले. वेकफिल्डच्या ब्रिटिश कंपनीने १९०९ मध्ये आपल्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, तेही कॅस्टर ऑइलवरूनच, म्हणजे आपल्या एरंडेलावरून.

७/
वाफेच्या इंजिनाला तेल घालणे हे एका माणसाचे पूर्णवेळ काम होते. इंजिन थांबवायचे, सांध्यासांध्यात तेल सोडायचे, पुन्हा चालू करायचे. एलायजा मॅकॉय हा गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेलेल्या दांपत्याचा मुलगा. एडिनबर्गमध्ये त्याने यंत्रविद्येचे शिक्षण घेतले. परंतु अमेरिकेत कृष्णवर्णीय इंजिनिअरला कोणी इंजिनिअरची जागा देईना. रेल्वेत आगवाला आणि तेलवाला म्हणून राबताना त्याने इंजिन चालू असतानाच तेल सोडणारे उपकरण रचले. त्याचे पेटंट १८७२ चे.

८/
‘तेलवाला’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला. ब्रिटिश आगबोटींवर काम करणाऱ्या हिंदी खलाशांत सारंग, टिंडेल, आगवाला, कोळसावाला, तेलवाला अशी पदे होती आणि इंग्रजी कागदपत्रांतही ती याच नावांनी येतात. पी अँड ओ कंपनीच्या डेकवर रत्नागिरीकडची माणसे पुष्कळ असत. इंजिनघरात बहुधा पंजाबी आणि पठाण, तर कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींवर सिल्हेटी. धडधडत्या यंत्राच्या अंगाशी तेलाची झारी घेऊन फिरणारा तेलवाला हा आपल्या कथेतला पहिला नायक. त्याने सोडलेले तेल गळून बिल्जमध्ये जाई.

९/
मग अंतर्ज्वलन इंजिन आले. गॉटलिब डाइमलरने १८८६ साली आपले पेट्रोल इंजिन एका होडीत बसवून नेकार नदीवर चालवले. पेट्रोलच्या स्फोटाची लोकांना धास्ती. म्हणून त्याने होडीभर तारा आणि चिनीमातीचे खटके लावून ती विजेवर चालते असा भास निर्माण केला, असे सांगितले जाते. युक्ती खरी असो वा रंगवलेली, भीती मात्र खरी होती. होडीच्या बंदिस्त पोटात तेल आणि आग शेजारी शेजारी आले होते.

१०/
रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाने ही अडचण पुष्कळ हलकी केली, कारण डिझेल पेट्रोलसारखे चटकन पेट घेत नाही. डिझेल इंजिनावर चालणारे पहिले जहाज ‘वांडाल’, १९०३ चे, रशियातल्या नोबेल बंधूंच्या तेल कंपनीचे. गंमत अशी, की ते स्वतःच तेलवाहू जहाज होते. १९१२ मध्ये डॅनिश ‘सेलांडिया’ कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघाले. त्यावर आगबोटीचे ठसठशीत धुराडे नव्हते. बंदरावरचे बघे चक्रावून गेले.

११/
धूर कमी झाला, पण घाण नाहीशी झाली नव्हती. ती इंजिनाच्या आत गेली होती. आता तेच तेल इंजिनात पुन्हा पुन्हा फिरत होते. काजळी, धातूचा कीस, पाण्याचा अंश, ज्वलनातून आलेली आम्ले, सारे त्यात मिसळे. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये ना तेलाचा पंप होता ना फिल्टर. फिरत्या भागांनी उडवलेल्या तेलावरच काम भागे. उपाय एकच : तेल वरचेवर काढून टाका. पण कुठे टाका, हे कोणी विचारत नव्हते.

१२/
१९२३ साली अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्श या दोन अमेरिकनांनी तेल गाळणारे साधन तयार केले. नाव ‘प्युरोलेटर’, म्हणजे ‘तेल शुद्ध, पण जरा उशिराने’ अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांचा जोड. नाव अगदी प्रामाणिक होते. या फिल्टरमधून एका वेळी थोडेच तेल जाई, बाकीचे न गाळता इंजिनात फिरे. हळूहळू सारे तेल आळीपाळीने गाळले जाई. संपूर्ण प्रवाह गाळणारे फिल्टर पुढच्या काळात रूढ झाले.

१३/
सुरुवातीचे फिल्टर उघडायचे, आतली गाळणी काढायची, भांडे धुवायचे, असे होते. हात कोपरापर्यंत काळे. १९५० च्या दशकात आज आपण ओळखतो तो फिल्टर आला : पत्र्याचा बंद डबा, आत चुण्या घातलेला कागद, तोंडाशी रबरी रिंग, इंजिनावर पिळून बसवायचा. इंजिन थांबल्यावर तेल मागे ओघळू नये म्हणून त्यात झडप असते आणि कागद तुंबला तर तेल अडू नये म्हणून दुसरी वाट असते. काम पाच मिनिटांचे झाले.

१४/
पण सोयीची किंमत असते. हा डबा काढला की आत पाव लिटरभर काळे तेल उरते. मागे ओघळू न देणारी झडप ते धरून ठेवते. शिवाय बोटीत बसणारी कितीतरी इंजिने मुळात ट्रक, ट्रॅक्टर किंवा मोटारीसाठी घडलेली. फिल्टरची जागा ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खाली मोकळी जमीन होती. तेच इंजिन बोटीच्या पेटीत बसले, की फिल्टर आडवा, भिंतीशी आणि हात पुरेल न पुरेल अशा ठिकाणी येतो. तळातून तेल सोडण्याचा बोल्ट तर बहुधा गाठताच येत नाही.

१५/
दरम्यान समुद्रावर काय चालले होते? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जहाजे कोळशाऐवजी तेल जाळू लागली आणि किनाऱ्यांवर तेलकट थर, मेलेले पक्षी दिसू लागले. ब्रिटनने १९२२ मध्ये, अमेरिकेने १९२४ मध्ये आपापल्या पाण्यापुरता कायदा केला. १९२६ च्या वॉशिंग्टन परिषदेत आंतरराष्ट्रीय कराराचा मसुदा झाला, पण तो कधी अमलात आला नाही. १९५४ च्या लंडन कराराने किनाऱ्यापासून साधारण ५० सागरी मैलांच्या पट्ट्यात तेलकट पाणी सोडण्यास मनाई केली. त्यापलीकडचा समुद्र बव्हंशी मोकळाच राहिला.

१६/
१८ मार्च १९६७. ‘टोरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळच्या खडकांवर आदळले. सुमारे १,२०,००० टन कच्चे तेल त्यात होते. तेल पेटवून द्यावे म्हणून ब्रिटिश विमानांनी जहाजावर बाँब टाकले. हजारो टन डिटर्जंट फवारले गेले आणि खडकांवरच्या जीवांची हानी तेलापेक्षा त्या डिटर्जंटनेच अधिक झाल्याचे पुढे आढळले. फ्रेंचांनी खडूची भुकटी टाकून तेल बुडवले. दोन्ही उपायांमागचा विचार सारखाच : तेल दिसेनासे करा.

१७/
या धक्क्यातून १९७३ चा मार्पोल करार आला. १९७८ मध्ये त्याला जोड मिळाली आणि १९८३ पासून तो अमलात आला. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. आज मोठ्या जहाजाला इंजिनघराच्या बिल्जमधले पाणी समुद्रात सोडायचे तर आधी ते यंत्राने गाळावे लागते आणि त्यात दहा लाख भागांत १५ भागांपेक्षा जास्त तेल चालत नाही. किती तेलकट पाणी जमले आणि कुठे गेले, याची नोंदवहीही ठेवावी लागते. बिल्ज प्रथमच कायद्याच्या पानावर ठळकपणे आले.

१८/
कायदा आला तशी पळवाटही आली. गाळणी यंत्राला वळसा घालून तेलकट पाणी थेट समुद्रात नेणाऱ्या चोरट्या नळीला जगभरचे खलाशी ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. २०१३ मध्ये ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या प्रवासी जहाजावर नव्याने लागलेल्या एका इंजिनिअरने अशी नळी पाहिली, तिचे फोटो काढले, साउदॅम्प्टनला उतरून नोकरी सोडली आणि अधिकाऱ्यांना कळवले. २०१६ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला. दंड ४ कोटी डॉलर. जहाजावरच्या हजारो प्रवाशांना पायांखाली काय चालले आहे याचा पत्ता नव्हता.

१९/
हे प्रकरण मला या साऱ्या इतिहासाचे मर्म वाटते. बिल्ज ही कोणाला न दिसणारी जागा आहे. तिथे नोंदवही खोटी लिहिता येते, नळी रात्री जोडून सकाळी काढता येते. करार लंडनमध्ये होतात, सह्या राजधान्यांत होतात. पण तो पाळला जातो की नाही हे वाकून, घामाघूम होऊन इंजिनाशी झटणारा एक माणूस ठरवतो. तेलवाल्यापासून त्या तरुण इंजिनिअरपर्यंत ही साखळी अखंड आहे.

२०/
आणि छोट्या बोटी? मार्पोलची गाळणी यंत्रे साधारणपणे ४०० टनांवरच्या जहाजांसाठी. अमेरिकेने छोट्यांसाठी सोपी कसोटी लावली : पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला, की गुन्हा. २६ फूट आणि त्याहून लांब यांत्रिक बोटींत ‘तेल सोडण्यास मनाई’ अशी पाटी लावणे तिथे बंधनकारक आहे. तवंग लपवायला साबण ओतला तर तोही गुन्हा. टोरी कॅन्यनचा धडा असा एका पाटीवर येऊन बसला.

२१/
तवंगाची कसोटी कडक वाटते ना? मग पुन्हा फ्रँकलिनचे गणित करू. इंद्रधनुषी रंग दिसायला थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही तिसऱ्या हिश्श्याइतका पातळ पुरतो. त्या हिशेबाने एका फिल्टरमधले पाव लिटर तेल सुमारे ८३० चौरस मीटर पाणी रंगवू शकते. म्हणजे कबड्डीची सहा मैदाने. ५ मिलिलिटरचा एक चमचा घेतला तरी एका खोलीएवढे, १६ चौरस मीटर पाणी.

२२/
अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या अहवालात जगभरच्या समुद्रात वर्षाकाठी जाणाऱ्या तेलाचा अंदाज सुमारे १३ लाख टन दिला. त्यातले जवळजवळ निम्मे समुद्रतळातून निसर्गतःच झिरपणारे. तेलाच्या वाहतुकीतून सांडणारे दीड लाख टन. आणि तेलाच्या वापरातून, म्हणजे शहरांचे सांडपाणी, जहाजांचे रोजचे व्यवहार, लहान बोटी अशा वाटांनी जाणारे ४ लाख ८० हजार टन. वर्तमानपत्रात बातमी येते ती फुटलेल्या टँकरची. मोठा वाटा बातमी न होणाऱ्या हातांचा आहे.

२३/
आपल्या किनाऱ्याकडे येऊ. १९५२ च्या करारानुसार केरळात कोल्लमजवळ भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला आणि यांत्रिक मासेमारीला वेग आला. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्येच उभी राहिली होती. कोकणातही सहकारी संस्था आणि सरकारी कर्जे यांच्या आधाराने शिडाच्या होड्यांत इंजिने बसू लागली. वाऱ्यावर अवलंबून असलेला तांडेल आता डिझेलच्या भावावर अवलंबून राहू लागला. बोटीवर नवे काम आले, नवी घाणही आली.

२४/
तेलाचा फटका बसतो तो कोणाला, हे ७ ऑगस्ट २०१० नंतर मुंबईने पाहिले. बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे धडकली. सुमारे ८०० टन तेल सांडले. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर, हंगामाच्या आरंभीच गिऱ्हाइकाने मासळीकडे पाठ फिरवली. जहाज कोणाचे, तेल कोणाचे, नुकसान मात्र कोळ्याचे. म्हणूनच ज्याला समुद्र पोसतो त्याच्या बोटीतला थेंबही महत्त्वाचा. कायद्याने मोजला नाही तरी पाणी तो मोजते.

२५/
आता प्रत्यक्ष काम. वरचा इतिहास यात पावलोपावली भेटेल.
प्रथम बिल्जच्या पंपाचा आपोआप चालणारा खटका बंद करावा. तेल आणि समुद्र यांमधला दरवाजा तोच आहे. बोट त्या वेळी पाणी घेत नाही ना, हे आधी पाहावे. खटका बंद असल्याची चिठ्ठी सुकाणूपाशी लावावी. काम आटोपल्यावर तो पुन्हा चालू करायला विसरलात, तर पुढच्या गळतीला बोट बुडेल.

२६/
इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे. तेल कोमट झाले की पातळ होते आणि काजळी त्यात तरंगत राहते. गार तेल काढले तर गाळ तळाशीच उरतो. मात्र चटका बसेल इतके गरम नको. तळाचा बोल्ट हाताशी येत नसेल तर तेलपट्टीच्या नळीतून हातपंपाने तेल वर ओढून बंद डब्यात घ्यावे. ट्रकसाठी घडलेल्या इंजिनाचे बोटीशी असे जुळवून घेतले जाते.

२७/
हातमोजे घालावेत. यालाही इतिहास आहे. लँकशरच्या कापडगिरण्यांत चात्यांवरचे खनिज तेल वर्षानुवर्षे कामगारांच्या कपड्यांतून अंगात मुरे. त्यांना होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचा या तेलाशी असलेला संबंध १९२२ मध्ये डॉक्टरांनी मांडला. इंजिनात जळून निघालेले तेल तर त्याहून घातक. ‘हात काळे झाल्याशिवाय काम होत नाही’ ही बढाई त्या गिरणी कामगारांच्या अनुभवापुढे टिकत नाही.

२८/
फिल्टरखाली तेलशोषक चटई पसरावी. ही पॉलिप्रॉपिलीनची चटई पाणी घेत नाही, फक्त तेल पिते. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या किनाऱ्यावर तेल टिपायला चक्क गवताचा पेंढा पसरला होता. ही चटई त्या पेंढ्याची सुधारलेली बहीण. चटई नसेल तर जुनी सुती फडकी चालतील, पण ती पाणीही पितात. म्हणून बिल्जमधले पाणी आधीच उपसून जागा कोरडी करावी.

२९/
आता मुख्य गोष्ट. फिल्टरवर जाड प्लास्टिकची पिशवी चढवावी आणि तिची कड फिल्टरच्या तोंडाच्या वर, इंजिनाला टेकेल अशी धरावी. मग पट्ट्याच्या पान्याने फिल्टर अर्धा फेरा सैल करून थांबावे. तोंड खाली असलेला फिल्टर असेल तर हवा आत शिरते आणि बरेचसे तेल इंजिनात परत ओघळते. तोंड वर असेल तर तो भरलेल्या पेल्यासारखा सरळ उतरवावा. आडवा असेल तर तेल कडेने येणारच. ते पिशवीत येऊ द्यावे. घाई केली की सांडते.

३०/
काढलेल्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का, हे डोळ्यांनी पाहावे. ती कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर चढवला तर दोन रिंगा एकमेकींवरून घसरतात आणि इंजिन सुरू होताच सारे तेल जोराने बिल्जमध्ये येते. एका थेंबासाठी केलेली सगळी खटपट तिथे वाया जाते आणि इंजिनही. बैठक स्वच्छ पुसावी, नव्या रिंगेला ताज्या तेलाचे बोट लावावे, फिल्टर टेकेपर्यंत फिरवावा आणि मग हातानेच, साधारण पाऊण फेरा किंवा डब्यावर लिहिले असेल तितका आवळावा. पान्याने आवळू नये.

३१/
तेल भरावे, इंजिन सुरू करावे, फिल्टरच्या कडेवर कोरडा कागद फिरवून गळती पाहावी, बंद करून तेलपट्टीवर पातळी बघावी. तळ पुसून कोरडा झाला की मगच बिल्ज-पंपाचा खटका चालू करावा आणि चिठ्ठी काढावी. तळाशी साबण ओतून तेल ‘घालवू’ नये. ते कुठेच जात नाही. फक्त दिसेनासे होते. टोरी कॅन्यनच्या वेळी एका सरकारने केलेली चूक घरच्या बादलीने पुन्हा करू नये.

३२/
उरला तो १९०८ चा अनुत्तरित प्रश्न : काढलेले तेल कुठे टाकायचे? आपल्याकडे काळे ऑइल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, कुंपणाच्या खांबांना चोपडतात, गटारातही सोडतात. पावसात ते धुऊन शेवटी खाडीतच येते. भारतीय नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवे. फिल्टर पिशवीतच उपडा ठेवून पूर्ण निथळू द्यावा, ते तेल डब्यात जमा करावे आणि डब्यावर ‘वापरलेले तेल’ असे लिहावे. त्यात पाणी किंवा डिझेल मिसळू नये; मिसळले तर शुद्ध करणे अवघड होते.

३३/
पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, इंजिनांची कामे निघतात. त्याच दोन महिन्यांत बंदराबंदरांतून काळे तेल निघते. एका बोटीचे काही लिटर म्हणजे विशेष काही नाही, असे वाटते. बंदरातल्या शंभर बोटींचे एकत्र करून पाहावे. सहकारी संस्थेने डिझेलच्या पंपाशेजारी एक पिंप ठेवले आणि ते भरले की अधिकृत खरेदीदाराला दिले, तर हा प्रश्न गावातल्या गावात सुटतो. यात तंत्रज्ञान काही नाही, फक्त जबाबदारी ठरवणे आहे.

३४/
इतिहासाची पुस्तके टोरी कॅन्यनला एक प्रकरण देतात. तेलवाल्याला तळटीपही मिळत नाही. परंतु समुद्र स्वच्छ राहिला तर तो या तळटिपेबाहेरच्या माणसांमुळे राहील. फ्रँकलिनला जे कोडे वाटले ते त्या कप्तानाला रोजचे होते : जहाजावरून सांडलेले काहीही पाण्यावर उमटते. अडीचशे वर्षांत आपण थराची जाडी मोजली, करार केले, दंड ठरवले. थेंब अडवण्याची जागा मात्र तीच राहिली, इंजिन आणि बिल्ज यांमधली वीतभर पोकळी.

३५/
आपल्यापैकी कोणाच्या घरी होडी, पडाव किंवा ट्रॉलर असेल, आजोबा-पणजोबा आगबोटीवर तेलवाला किंवा आगवाला असतील, तर त्यांच्याकडून ऐकलेले शब्द आणि कामाच्या रीती खाली जरूर लिहा. इंजिन पहिल्यांदा कोणत्या साली आले, काळ्या तेलाचे काय करीत, बोटीच्या तळाला गावात काय म्हणत, हे दप्तरखान्यात सापडत नाही. ते तुमच्या घरातच आहे. ते नोंदले गेले नाही तर आणखी एका पिढीनंतर कोणालाच सांगता येणार नाही.

धागा समाप्त.